वारा आणि रानमोडी

फाल्गुन उतरणीस लागला म्हणजे रुईची बोंडे उकलू लागतात आणि त्यांतून रेशमी केसांची एकेक म्हातारी वाऱ्यावर निघते. तिच्यामागे न धावलेले मूल विरळा. मग ते बेळगावचे असो, फोंड्याचे असो की इंदूर-ग्वाल्हेरचे. तळहातावर घेऊन फुंकर घालावी आणि तिने पुन्हा वर चढावे, याहून अधिक अपेक्षा तिच्याकडून कोणी ठेवीत नाही. परंतु ती रिकाम्या हातांनी जात नसते. केसांच्या झुबक्याखाली एक चपटी बी लटकलेली असते, आणि त्या बीला नवी जागा मिळवून देणे हेच त्या सगळ्या रेशमाचे प्रयोजन होय.

रुई आपली, सावर आपली, कुडा आपला. यांच्या म्हाताऱ्या हजारो वर्षे याच मातीवरून उडत आल्या आणि त्यांनी कोणाचे काही बिघडविले नाही. गेल्या काही पिढ्यांत मात्र त्यांच्या मेळाव्यात एक परकी पाहुणी शिरली आहे, आणि पाहुणेपणाची मर्यादा तिने केव्हाच ओलांडली आहे. खानापूरहून अनमोडकडे जाताना किंवा चोर्ला घाट उतरून सत्तरीत शिरताना रस्त्याच्या दोन्ही अंगांस पुरुषभर उंचीची, एकमेकांत गुंतलेली जी झुडपे दिसतात, ती हीच. मार्गशीर्ष-पौषात त्यांवर जांभळट पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. पान चुरगाळले तर टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येतो. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी देठाजवळूनच आणखी दोन ठळक शिरा निघतात, त्यामुळे पानावर त्रिशूळ काढल्यासारखा भासतो. ही खूण एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. आमच्याकडे हिला रानमोडी म्हणतात. हे नाव ज्या कोणा अनामिकाने ठेवले, त्याच्या नेमकेपणास तोड नाही.

वनस्पतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत ही युपेटोरियम ओडोरॅटम या नावाने सापडते. आता तिला क्रोमोलीना ओडोराटा म्हणतात. मूळची ती अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील, मेक्सिको व वेस्ट इंडीजपासून अर्जेंटिनापर्यंतची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तिला शोभेसाठी लावले गेले, म्हणजे ती चोरपावलांनी आली नाही, सन्मानाने आणली गेली. तेथून ती आसाम व ब्रह्मदेशाकडे पसरली आणि विसाव्या शतकात दक्षिणेकडे केरळात व सह्याद्रीत फोफावली. केरळात तिचा फैलाव आणि साम्यवादी पक्षाचा उदय एकाच सुमारास झाला, म्हणून तेथील लोक तिला ‘कम्युनिस्ट पच्चा’ म्हणतात. आपल्याकडील ‘काँग्रेस गवत’ तर सर्वांस परिचित आहेच. तणांना राजकीय पक्षांची नावे देण्याच्या बाबतीत लोकांनी कोणत्याही पक्षावर अन्याय होऊ दिलेला नाही.

आता वाऱ्याकडे वळू. वाऱ्यावर जाण्याच्या युक्त्या वनस्पतींनी अनेक काढल्या आहेत. वावळाच्या बीभोवती कागदासारखा पातळ पंख असतो. गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूत वाढणाऱ्या एका काटेरी गवताचे गोल तुरे सुकून तुटतात आणि चेंडूसारखे वाळूवरून घरंगळत जातात. परंतु सर्वांत नामी युक्ती म्हणजे म्हातारीची छत्री. रानमोडी सूर्यफुलाच्या कुळातील. या कुळातील पुष्कळ वनस्पतींच्या बीच्या माथ्यावर केसांचे वर्तुळ असते. (शास्त्रीयदृष्ट्या ही बी म्हणजे एकबीजी फळ होय, येथे आम्ही बीच म्हणणार आहो.) रानमोडीची बी जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांब, काळसर, आणि इतकी हलकी की अशा हजारो बिया मिळून एक ग्रॅम भरावा.

या केसांत कापड नाही, मग छत्रीचे काम होते कसे, हे कोडे अगदी अलीकडे उलगडले. युरोपात डँडेलियन नावाची याच कुळातील वनस्पती आहे. तिच्या बीवर सुमारे शंभर केस असतात आणि त्या वर्तुळाची नव्वद टक्क्यांहून अधिक जागा मोकळीच असते. २०१८ साली एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, केसांच्या फटींतून वर जाणारी हवा छत्रीच्या थोडी वर भोवऱ्यासारखे एक स्थिर कडे तयार करते आणि हे कडे बीला जणू वरून धरून ठेवते. छत्री भरीव असती तर ती इतकी किफायतशीर ठरली नसती. याच छत्रीचा आणखी एक गुण असा की दमट हवेत तिचे केस मिटतात आणि कोरड्या हवेत उमलतात. पावसाळी दिवशी घर सोडून उपयोग नाही, हे बीला कोणी शिकवावे लागत नाही.

छत्री आहे म्हणून बी कोसच्या कोस जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती हिशेबाने तपासून पाहण्यासारखी आहे. समजा, एखादी बी सेकंदास अर्धा मीटर या गतीने खाली येते आणि झुडूप दोन मीटर उंच आहे. ती चार सेकंदांत जमिनीस लागेल. ताशी अठरा किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदास पाच मीटर. चार सेकंदांत ती वीस मीटर दूर जाईल, अधिक नाही. वाटेत गवत किंवा दुसरे झुडूप आडवे आले तर तेवढेही नाही. म्हणूनच वाऱ्यावर उडणाऱ्या कोणत्याही वनस्पतीच्या बहुतेक बिया आईच्या पायाशीच, फार तर एका शेताच्या अंतरात पडतात. रानमोडीचे रान दाट होत जाते ते या बियांमुळे.

तथापि सगळाच वारा आडवा वाहत नाही. चैत्राच्या दुपारी उघडी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर चढते, आणि त्या स्तंभात पंख न हलविता घारी घिरट्या घालीत उंच जातात. सेकंदास अर्धा मीटर खाली येणाऱ्या बीला सेकंदास एक मीटर वर चढणारी हवा भेटली, तर वरील हिशेब कोलमडतो. ती बी आता खाली येतच नाही. हवेचा स्तंभ विरेल तेथे येईल, आणि ते ठिकाण कोठे असेल याचा नेम नाही. असे भाग्य हजारात एखाद्याच बीला लाभते असे धरू. परंतु रानमोडीच्या एका मोठ्या झुडपास हंगामात ऐंशी हजारांहून अधिक बिया येतात. हजारात एक म्हटले तरी एका झुडपामागे ऐंशी झाल्या. आणि हिचे वेळापत्रक पाहा: फुले मार्गशीर्ष-पौषात, बी पिकते माघ-फाल्गुनात, म्हणजे हवा कोरडी होऊन ऊन चढू लागते नेमके तेव्हा. बी जमिनीवर पडून राहते आणि मृगाच्या पावसात रुजते.

वारा किती दूर नेऊ शकतो, याचा दाखला पाहायचा तर १८८३ सालचा आहे. त्या वर्षी जावा-सुमात्रामधील क्राकाटोआ बेटावरचा ज्वालामुखी फुटला आणि बेटाच्या उरलेल्या भागावरील जीवसृष्टी राखेखाली गाडली गेली. तीन वर्षांनी मेल्खिओर ट्रॉयब हा वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे उतरला, तेव्हा राखेवर मुख्यतः नेच्यांची हिरवळ होती. त्यांचे धुळीहून बारीक बीजाणू समुद्रावरून वाऱ्याने आले होते. त्यांच्या जोडीला सूर्यफुलाच्या कुळातीलही काही मंडळी दाखल झालेली होती.

दूर जाऊन पडलेल्या एकट्या बीपुढे एरवी एक अडचण असते. झाड वाढले, फुलले, पण परागासाठी जोडीदार जवळ नसेल तर पुष्कळ वनस्पतींचा वंश तेथेच खुंटतो. रानमोडीने ही अडचणही दूर केली आहे. तिच्यात परागसिंचनावाचून बी धरू शकते. म्हणजे दहा कोसांवरच्या निर्वेध माळावर एकच बी उतरली, तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी तेथे नव्या वस्तीचे बस्तान बसलेले असते. आमच्या मते वाऱ्याच्या सामर्थ्याइतकेच महत्त्व या एकटेपणाच्या सामर्थ्यास आहे, आणि लोकांचे लक्ष याकडे फारसे जात नाही.

तरीही दोष सगळा वाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर भाद्रपदात पिवळीधमक फुलणारी सोनकी रानमोडीच्याच कुळातील, तशीच छत्रीवाली. तिचीही बी वाऱ्यावर जाते. पण सोनकीने कोणाचे रान मोडल्याचे ऐकिवात नाही. कारण सोनकीचे शेजारी, तिला खाणारे कीटक, तिच्याशी स्पर्धा करणारी गवते, सगळे येथलेच आणि तिच्या ओळखीचे. रानमोडीच्या मायदेशात तिच्यावर जगणाऱ्या दोनशेहून अधिक कीटकांची नोंद झाली आहे. कलकत्त्यास आली ती त्या सगळ्यांना मागे ठेवून. येथील गुरेही तिला तोंड लावीत नाहीत. तिच्या कोवळ्या पाल्यात नायट्रेटचे प्रमाण इतके असते की तो त्यांस बाधतो. गुरे आजूबाजूचे गवत तेवढे खातात, त्यामुळे जमीन आणखी उघडी पडते आणि पुढल्या वर्षीच्या रानमोडीसाठी वाफा आयताच तयार होतो.

या उघड्या जमिनीवर थोडे थांबले पाहिजे. रानमोडीच्या बीला रुजण्यास उजेड लागतो. घनदाट रानाच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या थराखाली हजारो बिया पडल्या तरी तेथे तिचे फारसे चालत नाही. वारा बी सर्वत्र टाकतो. ती रुजते कोठे, हे उजेड ठरवितो. आणि रानात उजेड पाडण्याचे काम गेली शंभर वर्षे आपण करीत आलो आहो. घाटात रस्ता रुंद केला की दोन्ही बाजूंस मैलोगणती उघड्या मातीची पट्टी तयार होते. विजेच्या उच्चदाबाच्या तारांखाली झाडे तोडून लांबच लांब फट पडते. लोहमार्गाच्या कडा, खडीच्या खाणी, मुरूम काढलेले खड्डे या साऱ्या तिच्या राहुट्या. रस्त्याची फट तर वाऱ्याला बोगद्यासारखी उपयोगी पडते आणि प्रत्येक मालमोटार आपल्याबरोबर स्वतःचे वादळ घेऊन धावते. बीच्या कडांना बारीक राठ केस असतात, तेव्हा ती बैलाच्या अंगास, गोणपाटास, धोतराच्या काठासही चिकटते. वाऱ्याने अर्धी वाट आणून सोडलेल्या बीला उरलेली वाट आपणच पोहोचवितो.

आणि पडीक शेते. हे लिहिताना मन जड होते. घाटमाथ्यावरील वाड्यावाड्यांतून तरुण मंडळी पुण्या-मुंबईस, पणजी-वास्कोस गेली. भाताच्या ज्या पायऱ्या आजोबांनी दगड रचून बांधल्या, त्यांवर नांगर फिरेनासा झाला. पहिल्या वर्षी त्यांवर गवत येते, दुसऱ्या वर्षी गवतात चार झुडपे दिसतात, आणि पाच-सहा वर्षांत बांध कोणता व वाफा कोणता हे सांगता येत नाही. वैशाखात ती वाळकी झुडपे पेटली की ज्वाळा माणसाच्या उंचीच्याही वर जातात आणि शेजारच्या झाडांच्या फांद्यांना धरतात. आगीत झाडांची रोपे मरतात. रानमोडी मात्र जमिनीलगतच्या खोडातून पावसाबरोबर पुन्हा फुटते. आगीने मोकळी केलेली जागाही तिलाच मिळते.

माळव्यातील किंवा ग्वाल्हेरकडील वाचक येथवर येऊन म्हणतील की, आमच्याकडे ही रानमोडी कोठे आहे? त्यांच्या माहितीचे तण म्हणजे गाजर गवत, म्हणजे वर आलेले काँग्रेस गवतच. हेही सूर्यफुलाच्याच कुळातील आणि अमेरिकेचेच. १९५५ साली ते पुण्यात आढळले आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात राव यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आले, असे आपण सर्वजण ऐकत आलो आहो. परंतु तो करार १९५६ च्या ऑगस्टमधला. तण त्याआधीच पुण्यात उगवलेले होते. १९५१ पासून अमेरिकेचा गहू कर्जाऊ येत होता, त्यामुळे गव्हावर संशय घेण्यास जागा उरते, हे खरे. करारावर मात्र पहिल्या आगमनाचा आरोप ठेवता येत नाही. फार तर पुढील फैलावास हातभार लावल्याचा ठेवता येईल.

गाजर गवताच्या बीला छत्री नाही. तिच्या दोन बाजूंना हवेने भरल्यासारखे दोन हलके फुगवटे असतात. त्यांच्या आधाराने ती वाऱ्यावर काही पावले जाते, वावटळीत सापडली तर अधिक. पण तिचा मुख्य प्रवास होतो तो पुराच्या पाण्यावरून, चाकांच्या चिखलातून, चाऱ्याच्या पेंढ्यांतून आणि वाळू-मातीच्या ढिगांतून. एका रोपास दहा ते पंचवीस हजार बिया, आणि मातीखाली गाडली गेलेली बी कित्येक वर्षे जिवंत राहणारी. तेव्हा छत्री असली तरच तण पसरते असे नव्हे. मात्र गाजर गवताच्या बाबतीत वारा आणखी एक वस्तू वाहून नेतो, आणि ती अधिक त्रासाची आहे. वाळलेल्या रोपाचे सूक्ष्म केस व भुकटी वाऱ्यावर उडते आणि माणसाच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खोलगट भागात बसून खाजरा त्वचारोग निर्माण करते. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी सत्तरच्या दशकातच याकडे लक्ष वेधले होते. काहींना परागाने दमाही होतो. शाळाशाळांतून श्रमदानाच्या नावाखाली मुलांकडून उघड्या हातांनी हे गवत उपटून घेण्याची जी प्रथा आहे, ती आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर रुमाल नसेल तर मुलांना त्या कामास लावू नये. फुलोऱ्यावर आलेले गवत तर मुळीच हाताळू देऊ नये.

उपायांपैकी कीटकांचा उपाय सरकारी संस्थांनी करून पाहिला आहे. गाजर गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेने आणला आणि १९८४ मध्ये सोडला. तो टिकला, पुष्कळ राज्यांत पसरला, आणि चांगल्या पावसात रोपांची पाने चाळणीसारखी करून टाकतो. कोरड्या दिवसांत मात्र तो मातीत दडून बसतो. रानमोडीच्या शेंड्यांवर गाठी निर्माण करणारी एक माशी या शतकाच्या पहिल्या दशकात इंडोनेशियातून आणून बंगळूरजवळ सोडण्यात आली. गाठ आलेला शेंडा खुरटतो व बी कमी धरते. या कीटकांनी तण नाहीसे होत नाही. त्याचा जोर कमी होतो.

राहिला कुदळीचा उपाय, आणि तेथे वाऱ्याचा हिशेब पुन्हा कामास येतो. आपल्याकडे मोहीम निघाली म्हणजे सारी माणसे जेथे तण सर्वांत दाट तेथे तुटून पडतात, कारण काम झाल्याचे तेथेच डोळ्यांना दिसते. १९८८ साली मूडी आणि मॅक या दोन अभ्यासकांनी गणिताने नेमके उलट दाखविले. मोठ्या रानाची कड कितीही वाढली तरी ती हळूहळू वाढते. दूरवर वाऱ्याने टाकलेल्या एकेकट्या झुडपांपासून नव्या वस्त्या सुरू होतात आणि त्या सगळ्या मिळून मूळ रानापेक्षा अधिक भूमी व्यापतात. म्हणून आधी ही एकटी झुडपे काढावीत, दाट रानाकडे नंतर वळावे.

वेळही साधावी लागते. गाजर गवत पहिल्या पावसात उगवून महिना-दीड महिन्यात फुलते, तेव्हा आषाढात, फुलापूर्वी, ओल्या मातीतून मुळासकट काढणे सोपे. रानमोडीसाठी नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचे दिवस उत्तम. माती अजून मऊ असते आणि फूल आलेले नसते. नुसते कोयत्याने छाटले तर बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात, म्हणून बुंधा खणून काढावा. माघ-फाल्गुनात, बी पिकलेली असताना, रस्त्याकडेची झुडपे छाटून ट्रॉलीतून वाहून नेणे हा प्रकार मात्र कटाक्षाने टाळावा. ट्रॉली जेथून जाईल तेथवर पेरणी होते. दिवाळीत नजरेतून सुटलेले झुडूप मार्गशीर्षात फुलांच्या पांढुरक्या गुच्छांमुळे दुरूनच ओळखू येते. माळावर, देवराईच्या कडेला किंवा शाळेच्या कुंपणाशी असे एकटे झुडूप दिसले, तर बी धरण्यापूर्वी हाताशी महिनाभर असतो, आणि खणण्याचे काम एका माणसाचे, पाच-दहा मिनिटांचे असते.